लाल औषध आणि अक्काचा दम

माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते, धरणाकडून वर येताना चाऱ्याचा भारा टाकून मटकन खाली बसली. मला वाटलं, पाय मुरगळला. जवळ गेले तर तिला बोलवतही नव्हतं, इतका दम लागला होता.

तिच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि शहरातल्या दवाखान्यात सलाईनमधून लाल औषध चालू होतं. हे औषध कॅन्सरला मारतं, पण कधीकधी काळजालाही इजा करतं. दम लागला तर लगेच सांगा, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"गॅस हाय," अक्का म्हणाली. कमरेची पिशवी सोडून तिनं पित्ताची गोळी गिळली, वर एक हिरवी तेलकट कॅप्सूल. दोन्ही तिच्या भावानं आणून दिलेल्या. पित्ताच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन घेतलं की लाल औषध काळजाला शिवत नाही, असं त्यानं मोबाईलवर ऐकलं होतं.

"अक्का, हे डॉक्टरांना सांगायला पायजे."

"कावून? सांगितलं की डोस थांबवतेत. अन् गाठ परत आली म्हंजे? तुला माज्या लेकराची आण हाय."

पुढच्या डोसाला निघालो तेव्हा जीपमध्ये ती खिडकीशी बसून मोठमोठे श्वास घेत होती. आण मोडावी तर तिच्या लेकराचं भय, पाळावी तर तिचंच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दम लागतो का?"

"न्हाई," अक्का म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाजूच्या खोलीत नर्स औषधाची तयारी करत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "लागतो. लई लागतो. रात्री उशा लावून बसते. अन् ह्या गोळ्या घेते." मी तिच्या कमरेची पिशवी ओढून टेबलावर ठेवली.

अक्कानं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी पिचली.

बाईंनी नर्सला थांबवलं. त्याच दुपारी काळजाची सोनोग्राफी झाली. काळीज पहिल्यापेक्षा बरंच कमी रक्त ढकलत होतं. लाल औषध बंद झालं, काळजाच्या गोळ्या सुरू झाल्या.

"पिशवीतल्या ह्या पित्ताच्या गोळ्यांवर संशोधन चालू आहे," बाई म्हणाल्या, "पण काळीज वाचतंच असं अजून कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. पित्त झालं तर ही गोळी मीच देईन. व्हिटॅमिन मात्र मला विचारल्याशिवाय नको. आणि दम म्हणजे गॅस समजू नका."

परतताना पालीच्या फाट्यावर आम्ही जीपमधून उतरलो. अक्का म्हणाली, "गाठ परत आली तर तुज्या दारात येऊन बसन."

"बसा," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं.

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र माझ्या हातचीच खायची. दुसऱ्या औषधावर उपचार पुरा झाला. काळीज सावरलं, पूर्ण नाही. गाठीची तपासणी अजून चालूच असते, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत आम्ही दोघी पाण्याचा घोटही घेत नाही.

परवा नारायणगडाला गेलो. चढावर थांबून ती म्हणाली, "दम लागला गं. लिवून घे, बाईला सांगायचं हाय."