हाळीला ओ

सुहासचा बेंगळुरूहून फोन आला आणि माझं सोलापूर ठरलं. सुहास माझा आतेभाऊ. त्याची आई, म्हणजे माझी आत्या, मोडनिंबजवळच्या गावात एकटी राहते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात ज्येष्ठांसाठीचं एक निवास त्याने शोधून ठेवलं होतं. "नंदा, तू तिला दाखवून आण. माझं ऐकत नाही, भाचीचं ऐकेल." मलाही उत्सुकता होतीच. म्हातारपणी माणसं कुठे, कशी राहतात, हे हल्ली मी जाईन तिथे निरखत असते.

पुण्याहून सोलापूरची एसटी घेतली. सगळ्या गाड्या मोडनिंबला थांबत नाहीत, चढण्याआधी वाहकाला विचारून घ्या. पुढे गावापर्यंत वडापची, माणशी भाडं घेणारी जीप. रात्री आत्याने गरम भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. सोबत दही मागा. मी मागितलं नाही आणि डोळे पुसत जेवले.

पहाटे बाहेरून कुणीतरी ओरडलं, "गंगूबाई, हो!" हाक आत्याला होती, पण ती मागच्या अंगणात गेली होती. मी पांघरुणातच पडून राहिले. परत हाक आली. परक्या घरात आपण कशाला उत्तर द्यायचं, म्हणून गप्प बसले. मग एकदम पावलं वाजली, दार ढकललं गेलं, आणि काठी टेकत शेजारचे आप्पा आत. मागे दोघी बायका, एकीच्या हातात पाण्याचा तांब्या.

एवढ्यात आत्या आली. "मेले न्हाय अजून! पाणी ठिवा खाली."

आप्पा माझ्यावर उखडले. "पावनीला तोंड न्हाय व्हय? हाळी दिली की ओ द्यायची!"

चहावर उलगडा झाला. तरणी माणसं शहरात, गल्लीत उरलेत ते सगळे साठीपुढचे. एकदा एक म्हातारी घरात पडली आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून उठल्या उठल्या प्रत्येकाने पुढच्या घराला हाळी द्यायची. आप्पांची आत्याला, आत्याची शेवंताकाकूंना. ओ आली नाही की धावायचं.

मग आम्ही सोलापूरला निघालो. एसटीत मला महिलांचं अर्धं तिकीट, आत्याला वयामुळे फुकट. वाहक म्हणाला, "आजी, आज कुठं दौरा?"

"माझी खोली बघाया," आत्या म्हणाली. मग सोलापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती.

खरं सांगते, मला ते निवास आवडलं. पायऱ्यांऐवजी उतार, भिंतीला धरायला दांडे, बसायचा संडास, रोज व्यायाम करून घेणारी बाई. घरात कुणी ज्येष्ठ असेल तर एकदा जाऊन बघाच असली ठिकाणं. तिथल्या मुलीने खाटेजवळची बेल दाखवली. "काही वाटलं तर दाबायची, आजी. लगेच येतो आम्ही."

"आन् मी कुनाला हाळी द्यायची?"

"तुम्हाला काहीच करायचं नाही इथं."

"तेच की," आत्या म्हणाली.

परतताना रिक्षात तिने माझा हात धरला. "सोय लई चांगली हाय, पोरी. पर शेवंताला कमी ऐकू येतं. माझाच आवाज तिला पोचतो."

पुण्याला येऊन सुहासला सगळं सांगितलं. आत्या गावीच राहू दे, तिथल्यासारखे दांडे आणि संडास तिच्या घरात बसवू, म्हटलं. "आणि एखाद्या दिवशी तिची ओ आली नाही तर?"

"गल्ली धावेल."

"मला कळायला संध्याकाळ होईल, नंदा."

मग त्यानेच अवघडत विचारलं, "त्यांच्या त्या हाळीच्या रांगेत मला फोनवरून बसता येईल का? आईला विचारशील?"

मी आत्याला फोन लावला. ती खळखळून हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"बसू दे की. शेवंताला हाळी दिली की त्याला देईन. पर सांग, झोपंत राहून ओ न्हाय दिली, तर सगळी गल्ली बेंगळुरूला येती म्हनावं."