परक्या साहेबाची अंत्ययात्रा
कुठं अर्ध्यावर उतरवलेला झेंडा दिसला की मला मुलाच्या अमेरिकेतल्या, नोव्हाय गावच्या घरातली ती उन्हाळी दुपार आठवते. त्याच वर्षी माझी बायको गेली होती आणि मुलगा तिच्या मातीला आला नव्हता. "व्हिसा अडकला तर मला इकडं अमेरिकेत परत येता येणार नाही," असं फोनवर म्हणाला होता. मला ते पटलं नव्हतं. ज्याला यायचं असतं तो येतो. त्या दिवशी टीव्हीवर अमेरिकेच्या एका जुन्या अध्यक्षाची अंत्ययात्रा चालली होती आणि हा पठ्ठ्या सकाळपासून समोरून हलला नव्हता. चहावर साय धरली तरी कपाला हात नाही. मग त्याचा नागपूरचा मित्र आला आणि दोघं भांडायलाच बसले. "यार, ह्यानं कामगारांच्या युनियन मोडल्या!" मित्र म्हणाला. "आणि रशिया कुणी मोडला?" "रशिया आपोआप मोडला, तुझा हीरो फोटोपुरता उभा राहिला! काका, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "मी काय सांगू? हा मेलेला तुमचा कोण लागत होता?" मित्र हसला. मुलाचा आवाज मात्र आणखी चढला, आणि माझ्या मनात आलं, आईसाठी ह्याला एवढा कंठ फुटला नाही! एवढ्यात शिपायांनी पेटी उचलून खांद्यावर घेतली. मुलगा बोलता बोलता थांबला आणि माझ्याकडं वळला. "बाबा, आईला माझ्या जागी खांदा कुणी दिला?" "कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं," मी म्हटलं. त्यानं मान खाली घातली, ती मित्र निघून गेला तरी वर केली नाही. व्हिसाचं खरं होतं की खोटं, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचं मात्र मी त्या दिवसापासून सोडलं.