समेवर काढलेला फोटो

फोन अरुणाक्काच्या मुलीचा होता. "मास्तर, अक्का गेली," एवढंच म्हणाली... सोलापुरात तिला सगळेच अक्का म्हणत, पोटची पोरसुद्धा. महिना होत आला, पण मला रडका लेख लिहायचा नाही. ती जिंकून गेलेली बाई होती, आणि जिंकली तेव्हा मी तिच्या शेजारी तबल्यावर होतो.

छोट्या मैफलींचे फोटो काढायचं तिला वेड. आमच्या मैफली होतात तो दुकानावरचा हॉल म्हणजे फोटोवाल्याची परीक्षाच. संयोजकांना हौस भारी, मंचावर रंग बदलणारे एलईडी. गायकाचा चेहरा स्थायीत हिरवा नि अंतऱ्यात जांभळा. गवई बसलाय की सोंग, कळू नये! फ्लॅश मात्र अक्काने जन्मात वापरला नाही. "झोपलेल्याच्या तोंडावर बॅटरी मारत्यात का कुणी?" म्हणायची.

तिला हवा होता सिद्रामबुवांचा फोटो. अक्कलकोटकडचे बुवा ऐंशीला टेकलेले, आणि गातानाचा त्यांचा एकही फोटो नव्हता. कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला की गाणं थांबवून माणसाला बाहेर काढत. "सूर कापतंय की ते!" कॅमेऱ्याचा आवाज बंद करून काढावा, तर तसल्या बिनआवाजी फोटोत एलईडीच्या लुकलुकीचे आडवे पट्टे. उद्या बुवा नसले तर ते गाताना कसे दिसायचे हे कुणालाच कळणार नाही, हे अक्काच्या जिवाला लागलं होतं. म्हणून कितीतरी मैफलींना ती कॅमेरा न घेता नुसती येऊन बसली. मग एकदा मला म्हणाली, "मास्तर, समेला बुवा तोंड वर करत्यात, डावीकडच्या पिवळ्या बल्बकडं. क्षणभर हालत न्हाईत. तवा तुमी 'धा' जरा दणकून द्या. माझा खटका त्यात बुडवते."

तालाच्या एका आवर्तनात सम एकदाच, म्हणजे संधीही एकच. त्या मैफलीत दर समेला मी धा देत होतो आणि देवाचं नाव घेत होतो. मैफल संपली तशी बुवा माझ्यावर घसरले, "आज लई बडवलास की रे! काय राग हाय माझ्यावर?" अक्काने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. आता हा खिडकीतून खाली जाणार, असं मला वाटलं... बुवा बघतच राहिले. पिवळ्या उजेडात उचललेला चेहरा, मिटलेले डोळे, गळ्याची ताणलेली शीर. "गाताना मी असा दिसतो व्हय?" मग मोठ्यांदा हसले. "एकबी सम चुकली न्हाईस की पोरी!" असली दाद इतक्या वर्षांत मला मिळाली नव्हती. जळलो मी, खरं सांगतो, आणि डोळेही भरून आले.

तेव्हापासून बुवांना नवीच खोड लागली. अक्का बसली का, हे विचारल्याशिवाय ते सा लावीनात. परवाच्या मैफलीत तंबोरे जुळले, आणि सवयीने त्यांनी विचारलंच, "अक्का बसली का?" मी मान खाली घातली. ती बसायची त्या कोपऱ्याकडे बुवांनी पाहिलं आणि स्वतःच मला म्हणाले,

"बसलीय, बसलीय. लाव ठेका."