लोहारा ते सोलापूर: तीन अ‍ॅप आणि काका

“उजव्या बाजूला राहा,” फोनमधली बाई म्हणाली.

“सुमन, डावीकडं घे. डावीकडं!” मागच्या सीटवरून काका म्हणाले.

सुमनकाकूंनी दोघांचंही ऐकलं नाही. त्यांनी भर हायवेवर ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. मागून ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. अ‍ॅक्सिलरेटर नसतो. म्हणजे मला गाडी थांबवता येते, पळवता येत नाही. “काकू, घाबरू नका. चावी फिरवा, पहिला गिअर टाका,” असं म्हणत मी स्टिअरिंगला हात लावला आणि गाडी कडेला घेतली. वाटेतलं जळकोट गाव अजून पुढंच होतं.

काकूंनी स्टिअरिंग सोडून दिलं. “मला न्हाय जमायचं, शबाना,” त्या म्हणाल्या.

मी लोहाऱ्यात बारा वर्षं गाडी शिकवते. बायका जास्त येतात, कारण शिकवणारी बाई आहे. पण अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर गाडी शिकायला आलेल्या सुमनकाकू पहिल्याच. त्यांना हौस नव्हती, गरज होती. त्यांचे यजमान, म्हणजे काका, शेती खात्यात होते. अख्खा तालुका त्यांनी स्वतः गाडी चालवत पालथा घातलेला. पुढं साखरेनं डोळे खाल्ले. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, डाव्यानं धुरकट. डावा टिकवायला दर महिन्याला सोलापूरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं. दारात स्वतःची गाडी, पण चालवायला कुणी नाही. मुलगा पुण्याला. गावातल्या कुणाला तरी दर महिन्याला विनवायचं. एकदा ज्यानं हो म्हटलं होतं तो ऐन वेळी लग्नाला गेला आणि इंजेक्शनची तारीख हुकली. त्यानंतर एकदा जेवताना काकांना ताटातली भाजी कुठली आहे ते दिसेना. दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडं आल्या.

लायसन्स त्यांना मिळालं. पण लायसन्स मिळणं वेगळं आणि लोहाऱ्याहून सोलापूरला एकटीनं जाणं वेगळं. रस्ता कोण सांगणार? म्हणून मी फोनमध्ये नेव्हिगेशन अ‍ॅप लावून सराव सुरू केला होता. काका हौसेनं मागं बसायचे.

त्या दिवशी कडेला थांबल्यावर मी मागं वळले. “काका, तुम्ही डावीकडं का म्हणालात?”

“अगं, सडक तिकडूनच जाती. चिंचेची झाडं लागली की डावी बाजू धरायची. सावलीनं हवा बदलली की मला कळतंय.”

चार वर्षांपूर्वी काकांनी गाडी सोडली. त्यानंतर तो रस्ता रुंद झाला, वाट बदलली. आणि चिंचा...

“काका, चिंचा न्हाईत आता. रस्त्याच्या कामात तोडल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. “मला कुणी सांगितलंच न्हाय,” ते म्हणाले.

तिथं मी जरा थांबायला हवं होतं. पण ट्रकचा हॉर्न अजून माझ्या कानात होता. मी म्हणाले, “काका, गाडीत आवाज एकच पाहिजे. दोन आवाज झाले की चालवणाऱ्याचा गोंधळ होतो. उद्यापासून तुम्ही काही बोलू नका.”

“व्हय. बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

मी ठरवलं, अ‍ॅप नीट निवडायचं. फोनमध्ये तीन वेगवेगळी अ‍ॅप घेतली आणि त्याच रस्त्यावर तीन दिवस काकूंना एकेक लावून चालवायला दिलं. पहिलं अ‍ॅप वळणाच्या दोन किलोमीटर आधी सांगायचं, मग पाचशे मीटरवर, मग वळणावर. बाकी वेळ गप्प. दुसरं बडबडं. स्पीडब्रेकर आहे, खड्डा आहे, कॅमेरा आहे, वेग कमी करा. तिसऱ्याला नेटवर्क लागत नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा. आमच्याकडं मध्येच रेंज जाते, म्हणून मला त्याचं कौतुक होतं. पण त्यानं जवळचा रस्ता म्हणून आम्हाला उसातल्या अरुंद पाणंदीत घातलं. समोरून उसाची ट्रॉली. अर्धा किलोमीटर रिव्हर्स. काकूंचा रिव्हर्स मात्र त्या दिवशी पक्का झाला.

मी वहीत लिहिलं: नवीन ड्रायव्हर, जास्त माहिती बरी, दुसरं अ‍ॅप घ्यावं.

पण अ‍ॅप कुठलंही असो, काकू घट्ट होऊन चालवायच्या. खांदे कानाला लागलेले.

“काकू, काय होतंय?”

“ती बाई पाचशे मीटर म्हणती. पाचशे मीटर म्हंजी किती, मला काय ठावं? हे सांगायचे तवा कळायचं. शाळंची भिंत दिसली की सावकाश हो, असं सांगायचे.” जरा वेळानं त्याच म्हणाल्या, “हे जेवत न्हाईत गं नीट. डोळे गेले तरी रस्ता तेवढा त्यांच्यापाशी हुता. रोज रात्री मला पाठ करून घ्यायचे. आता इचारलं तर म्हणतात, फोनला इचार.”

मला फार वाईट वाटलं. नियम माझा बरोबर होता. तो ज्या शब्दांत सांगितला ते बरोबर नव्हते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काका ओसरीवर रेडिओ बंद करून बसले होते.

“काका, उद्या तुमच्या गाडीनं सोलापूरला जायचंय. मी मागं बसणार. पुढं काकूंच्या शेजारी तुम्ही या.”

“मी कशाला? झाडं तोडलेली मला म्हाईत न्हाईत.”

“मला तुमचं काम आहे.”

खरं सांगायचं तर काम काय ते मलाही माहीत नव्हतं. त्यांना घरातून बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी निघालो. दुसरं, बडबडं अ‍ॅप लावलं. हायवेला लागताना फोनचा स्टँड निसटला आणि फोन काकांच्या मांडीवर पडला. काकू तिकडं वाकायला गेल्या.

“समोर बघा!” मी ओरडले. “काका, फोन तुम्हीच धरा.”

गाड्यांच्या आवाजात त्यांना ऐकू येईना, म्हणून त्यांनी फोन कानाला लावला. फोनवर कुणाशी बोलत असावेत तसे. जरा वेळ ऐकलं. मग म्हणाले, “सुमन, आता पुढं उजवी बाजू धरून ठेव. घाई न्हाय. गाडी हाय तशीच जाऊ दे. अजून वेळ हाय.”

काकूंनी उजवी बाजू धरली. मागून मला त्यांचे खांदे दिसत होते. ते खाली आले.

पण पुढं अ‍ॅपनं बडबड सुरू केली. खड्डा, स्पीडब्रेकर, कॅमेरा. काका वैतागले. “ही बाई मला बोलूच देईना. तिचं एक सांगून होतंय तवर दुसरं. दुसरी न्हाय व्हय?”

मी नळदुर्गात गाडी थांबवायला लावली. इअरफोन काढला, एक टोक काकांच्या कानात घातलं आणि पहिलं अ‍ॅप लावलं. ते लवकर सांगतं आणि मग गप्प बसतं. दोन किलोमीटर आधी काकांना कळायचं. ते काकूंना विचारायचे, “डाव्या अंगाला काय दिसतंय?” “पंप हाय, त्याच्या पुढं मोठ्ठी पाटी.” “मग पाटी गेली की इंडिकेटर दे.” काकू बघायच्या, काका सांगायचे. आवाज एकच. वहीतला माझा निकाल मी खोडला.

सोलापुरात शिरताना उड्डाणपूल लागतो. वरून जायचं की खालून, तिथं चांगले चांगले चुकतात. काकांनी काकूंना पाटीवर काय लिहिलंय ते दोनदा विचारून घेतलं, गाडी खालून नेली. परतताना ते काकूंना म्हणाले, “ह्या तोडलेल्या झाडांच्या जागी आता काय काय हाय ते मला सांगत चल. नवीन पाठ करतो.”

आणखी चार फेऱ्या मी त्यांच्याबरोबर केल्या. त्यानंतरच्या वेळी इंजेक्शनची तारीख होती आणि काकू म्हणाल्या, “तू येऊ नको. तू मागं बसलीस की मी तुझ्याच भरवशावर ऱ्हाते.”

त्या दिवशी माझे तीन क्लास होते. तिन्ही क्लासमध्ये मी शिकणाऱ्यांपेक्षा फोनकडं जास्त बघितलं. साडेअकराला काकांचा फोन आला.

“पोचलो गं. एक वळण चुकलं सोलापुरात. माझ्यामुळं न्हाय, तिच्यामुळं. तिनं पाटी उशिरा सांगितली.”

मागून काकू ओरडल्या, “खोटं बोलतेत! ह्यांनीच गाणं म्हणायला घेतलं हुतं.”

मी फोन ठेवला आणि डोळे पुसले. शेजारच्या शिकाऊ बाईला वाटलं, तिनं क्लच चुकीचा सोडला म्हणून मी रडते.

ही गोष्ट होऊन वर्ष झालं. तारीख पुन्हा हुकलेली नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकलंय. तारीख हुकल्यानं वाढलेला धुरकटपणा मात्र ओसरलाय. काकांना भाजी ओळखू येते, वांगं असलं तर नको म्हणता येतं.

कुठलं अ‍ॅप चांगलं, असं मला अजून रोज कुणीतरी विचारतं. मी आधी विचारते, शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे? कुणी नसेल तर बडबडं लावा. कुणी असेल तर कमी बोलणारं.