उंबऱ्याबाहेरचा पाय

पुण्याहून लाकडी पाय आला तेव्हा गल्लीत मी फार भाव खाल्ला. बाकीच्यांना पाय आयते मिळालेले, माझा तेवढा माप घेऊन बनवलेला. उजव्या गुडघ्याखाली चामड्याच्या पट्ट्या आवळल्या, की मी, निंगप्पा, साहेबासारखा चालायचो. म्हणजे करकर आवाज करत. त्या पायाला काळा बूट कायमचा ठोकलेला होता. जोडीतला दुसरा मी डाव्या पायात घालायचो आणि कुणाला फरक कळू नये म्हणून दोन्हींना पॉलिश करायचो. तो सगळ्यांना कळायचा.

ट्रकखाली पाय गेल्यापासून मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात बसून सुताच्या कांड्या भरत होतो. लग्न काही जमेना. नवा पाय आला तसं श्रीमंतमामाला बळ आलं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात अक्कलकोटकडच्या सिद्रामप्पांची मुलगी बघायला त्यानं मला नेलं. मुलगा चालताना जरा लंगडतो, एवढंच त्यानं कळवलेलं, हे मला एसटीत कळलं. उतरून परत फिरावंसं वाटलं, पण एकट्यानं जेवायचा खरंच कंटाळा आला होता.

दारात चपलांची रांग होती. मुलीच्या आईनं पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला. काय बोलायचं, किती हसायचं, सगळं आम्ही वाटेत ठरवलं होतं. घरात शिरताना पायताण काढतात, हे मात्र दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आत समोरच बिरोबाचा देव्हारा. बूट घालून जाता येईना, आणि काढावा तर सोबत पाय येणार. मामा म्हणाला, बाहेरच बसू, वारं छान आहे. झाडाचं पान हलत नव्हतं.

शेवटी मी उंबऱ्याशी बसलो, पट्ट्या सोडल्या आणि पाय चपलांच्या रांगेत ठेवून दिला. उरलेला पाय धुतला आणि भिंत धरून लंगडी घालत आत गेलो. सिद्रामप्पा माझ्याकडं बघेनात. मुलगी, मायाक्का, पोहे ठेवून आत गेली. कुणी काही विचारलं नाही. आटोपलं सगळं, असं समजून मी पोहे मात्र संपवले.

निघताना बघतो तर रांगेत पाय नाही. मेंढरं राखणाऱ्यांचं घर, दारात कुत्री असणारच, आणि पट्ट्या चामड्याच्या. मुलगी गेली ती गेली, पण पाय?

तेवढ्यात आतल्या खोलीतून मायाक्का तो दोन्ही हातांत धरून घेऊन आली. बुटावरची धूळ पुसलेली होती. माझ्याकडं न बघता ती बापाला म्हणाली, “बाहीर पायतानं ठिवत्यात, आप्पा. पाय घरातच ठिवायचा की.”

सिद्रामप्पांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. मग मामाला म्हणाले, “तारीख कवाची धरायची?”

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली वाकून पट्ट्या बांधल्या आणि घाईत पाय उलटा बांधला, बुटाचं टोक मागं. तेही तिनंच सांगितलं.