दिघीच्या खाडीतून महाळुंग्याला: कीलभोवतीच्या भेगांमागे

समुद्राकाठची बोट दुरुस्तीसाठी घाट चढवून चाकणला आणायची, हे ज्यांना सांगितलं ते सगळे हसले. दाजींना तर जेवता जेवता ठसका लागला. "लोक चाकणहून गाड्या बंदरावर नेतात. तू उलटा कुठं निघालास, राव?"

पण मला चैन पडत नव्हती. बोट माझ्या आणि दाजींच्या मालकीची. शिडाची, जुनी, फायबरची, दिघीजवळ खाडीच्या काठावर ओढून ठेवलेली. अशा बोटीच्या पोटाखाली कील असते, म्हणजे वाऱ्यानं ती कलंडू नये म्हणून बोल्टांनी आवळलेला, माशाच्या परासारखा लोखंडाचा जड भाग. त्या कीलच्या मुळाशी भेगा गेल्या होत्या. तिथल्या दोघा कारागिरांनी एकच औषध सांगितलं, पुट्टी भरा आणि रंग मारा. मी तळवड्यात अर्धं आयुष्य फायबरच करत आलोय. बसचे डॅशबोर्ड, मशिनची कव्हरं, पाण्याच्या टाक्या. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, हात भाजून शिकलो. भेगेवर पुट्टी म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर.

आणि खरा प्रश्न ताईचा होता. वंदनाताई माझी मोठी बहीण, दाजींची बायको. पावसाआधी छोट्या बोटींचा हंगाम संपतो, त्याच्या आत तिला शिडावर जंजिऱ्यापर्यंत न्यायचं ठरलं होतं. तिला पोहता येत नाही. म्हणाली होती, "मला त्यातलं काही कळत नाही. तू बस म्हणालास की बसते."

घाट चढताना

बोट न्यायची असेल तर ताम्हिणीच्या वाटेला जाऊ नका. वळणं आवळ आहेत, लांब माल वळत नाही. आम्ही म्हसळा, माणगाव, मग वाकण फाट्यावरून पाली-खोपोली आणि बोरघाट असे आलो. डोलकाठी उतरवून खाडीवरच ठेवली होती, बोट लाकडी घसरणीवरून ट्रकवर ओढून चढवली होती. ट्रकवाला परतीचं भाडंही धरतो, ते आधीच बोलून घ्या. दर ढाब्यावर उतरून मी पट्टे तपासत होतो. पालीत दाजींनी निवांत मिसळ मागवली, मी उभ्यानं वडापाव खाल्ला. तळेगाव सोडलं की चाकणचा रस्ता म्हणजे कंटेनरमागे कंटेनर. त्या रांगेत आमची बोट वरातीतल्या नवरदेवासारखी मिरवत होती आणि दुचाकीवाले मान वर करून बघत होते.

महाळुंग्यात नानांची पत्र्याची शेड आहे. नाना जुन्या गावकऱ्यांपैकी, शेडशिवाय त्यांची स्वतःची हायड्रा आहे, चाकांवरची क्रेन. ती तेच चालवतात.

"ह्ये काय आणलं? मासा हाय का इमान?"

"बोट आहे, नाना."

"आन् पाणी कुटं हाय हितं?"

"दुरुस्त झाली की परत नेणार."

"मंग आणली कशाला?" असं म्हणत त्यांनी बोट अलगद उतरवली. कीलखाली लाकडी ठोकळे, दोन्ही बाजूंना टेकू. चार दिशांनी बघितली, मजबूत उभी होती.

शेडमधले दिवस

राहायला घर काळेवाडीतच, त्यामुळे रोज जाऊन-येऊन. जेवण जवळच्या मेसमध्ये. कंपनीची शिफ्ट सुटायच्या आधी गेलात तर चपाती गरम मिळते, नंतर भातावर भागवावं लागतं.

ग्राइंडरनं भेगा उघडत गेलो. नियम असा की भेगेपुरतं खणायचं नाही. जाडीच्या बारापट रुंद उतार द्यायचा, म्हणजे फायबरच्या नव्या कापडाला धरायला जागा मिळते. कापड चिकटवायला राळ एपॉक्सीची. साधी पॉलिएस्टर स्वस्त पडते, पण जुन्या फायबरला ती मनापासून चिकटत नाही. आणि पत्र्याखाली भर दुपारी एपॉक्सी कालवू नका, मगातच धूर निघतो. थर दिले, घासलं, हात फिरवला. जोड कुठं आहे ते मलाच सापडेना. इतकं सफाईदार काम मी क्वचितच केलंय, हे लिहायला लाज वाटत नाही.

निघायचा दिवस

ट्रक दारात. दाजींनी रजा टाकलेली. ताई डबे आणि नारळ घेऊन हजर. नानांनी बोटीखालून बेल्ट घातले आणि हायड्रानं बोट उचलली. कील ठोकळ्यांवरून सुटली, हवेत आली. टक्. बारीकसा आवाज. मी खाली वाकलो. कीलच्या मागच्या टोकाशी, नव्या रंगात, केसाएवढी रेघ.

"रंग तडकला असेल," दाजी म्हणाले. "पाण्याखाली कोण बघतंय? फिरवून आणू, पावसाळ्यात काढ सावकाश."

मी नानांना बोट खाली ठेवायला सांगितलं. रेघ मिटली. पुन्हा उचलायला सांगितलं. उघडली.

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. व्हाइसच्या जबड्यात आवळलेला तुकडा कधी वाकडा दिसत नाही, सोडला की आपला आकार दाखवतो. बोट इतके दिवस स्वतःच्या कीलवर बसली होती, म्हणून भेगा दाबून मिटलेल्या होत्या. मी त्या मिटलेल्या अवस्थेतच शिवल्या. समुद्रात कील खालून आधार देत नाही, लोंबकळते.

आत शिरलो, फळ्या काढल्या. तळाला आडव्या फासळ्या असतात, कीलचं वजन त्या पेलतात. नाण्यानं ठोकत गेलो. टण्, टण्, मग भद्द. फासळ्या तळापासून सुटल्या होत्या. दुखणं आत होतं, मी बाहेरून मलम लावत बसलो होतो.

बाहेर आलो तर ताई नारळ हातात धरून उभी. "काय करू? येऊ का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ट्रकवाल्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं.

"नको," म्हणालो.

दाजींनी पाठ फिरवली. ताईनं नारळ पिशवीत ठेवला आणि डबे उघडले. "जेवून तर घ्या. पुरणपोळ्या काय समुद्रासाठी केल्या नव्हत्या."

"ह्ये बरंय," नाना पोळी मोडत म्हणाले, "बोट जमिनीवर, आन् जेवण आमाला."

ट्रक रिकामा परत गेला, हंगामही गेला. मी माझं सुंदर काम माझ्याच ग्राइंडरनं कापलं. या खेपेला वजन तळाच्या रुंद टेकूंवर घेतलं, बोल्ट सोडून कील उतरवली, फासळ्या कापून नव्या बसवल्या, मग बाहेरच्या भेगा. एपॉक्सी पूर्ण पिकून कडक होईपर्यंत घरी जीव लागेना. जेवणात मीठ आहे की नाही तेही कळत नव्हतं. शेवटी कील पुन्हा आवळली आणि नानांना म्हटलं, टांगा आणि टांगूनच ठेवा. दुपार ते संध्याकाळ बॅटरी घेऊन बोटीखाली फिरत राहिलो. रेघ आली नाही.

काळेवाडी

ताईच्या घरी चहाला बसलो होतो. या प्रवासानं मला काय दिलं? घाट चढल्याचा उपयोग झाला, हे नक्की. खाडीवर हायड्रा नव्हती, बोट कधी हवेत गेली नसती आणि ती रेघ आम्हाला थेट पाण्यात भेटली असती. पण नाना पहिल्यांदा बोट उतरवत होते तेव्हा मी खाली वाकलो नाही, उचलून बघायची बुद्धी मला रंग मारून झाल्यावर आली, हे अजून टोचतं. तुम्ही असं काम काढलंत तर पहिल्या दिवशी उचला, मग ग्राइंडर हातात घ्या.

ताईनं कप पुढं केला. "झालं ना आता? नारळी पौर्णिमेनंतर बसू?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. ते हो किती सोपं होतं.

"शेडमध्ये चोख आहे," मी म्हणालो. "पाण्यात आधी मी आणि दाजी जाऊ. वाऱ्यात कलती करून बघू. आम्ही परत आलो की सांगतो."

"मला कधी विचारलंस?" दाजी म्हणाले.

"जा की," ताई म्हणाली, "पाण्याखाली काय चाललंय ते बघून या."

दाजींनी बशी खाली ठेवली.

"खोल किती असतं रे तिथं?"