काळ्या घोडेस्वाराची एसटी

माझ्या साडूभाऊंइतका कॉमिक्सवर जीव टाकणारा आणि त्यातल्या चित्रांवर काडीचाही विश्वास नसणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडायचा नाही. वाळूजच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी सुटे भाग तपासून नापास करण्यात घालवली. ती सवय अंगात अशी मुरली, की लग्नाच्या पंगतीत पहिला लाडू ते उजेडाकडं धरून चारी अंगांनी फिरवून बघतात. मुलगी बघायला गेले तेव्हा काय केलं असेल, हे मेव्हणीबाईंना विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. पण जुनं कॉमिक हाती आलं की हाच माणूस नातू मांडीवर घेतल्यासारखा विरघळतो. आधी वास घेणार. "हे कांद्याच्या पोत्याशेजारी राहिलंय," म्हणून निकाल देणार. मग डाग वाचणार. हळदीचा असला तर पुस्तक स्वयंपाकघरात लपून वाचलेलं, तेलाचा असला तर शाळा बुडवून. प्लास्टिकच्या पिशवीतलं कोरं करकरीत जुनं पुस्तक मात्र ते हातही न लावता परत करतात. "हे कुणी वाचलंच नाय, पाव्हणं. नुसतं वयानं वाढलंय."

आता चित्रांवर राग का, तर त्याचं मूळ वैजापुरात आहे. साडूभाऊ लहान असताना तिथं स्टँडजवळ एक दुकानदार दोरीवर कॉमिक्स टांगून भाड्यानं द्यायचा. वाचायचं ते तिथंच बाकावर बसून, आणि नियम असा कडक की पानात जो डोकावेल त्याला भाडं पडणार. त्या दुकानदाराची नजर इतकी तिखट होती म्हणतात, की पलीकडच्या झाडावरचा कावळासुद्धा मान फिरवून बसायचा. पण कानाला भाडं लावायचं त्याला सुचलं नव्हतं. साडूभाऊ आणि त्यांचा दोस्त रशीद यांनी नेमकं तेच हेरलं. एकानं पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं त्याच्या पाठीला पाठ लावून ऐकायचं. पुढच्या पुस्तकाला पाळी बदलायची. त्यामुळं साडूभाऊंनी निम्मी कॉमिक्स पाहिली आणि निम्मी नुसती ऐकली. ऐकलेल्यांची चित्रं त्यांनी मनातच काढली, आणि ती इतकी झकास काढली की पुढं खरं पुस्तक मिळालं की चूक चित्रकाराचीच निघते. एकदा म्हणाले, "राक्षसाच्या मिशाच खाल्ल्या की यानं. चांगल्या खांद्यापर्यंत होत्या."

"तुम्ही पाहिल्या होत्या?"

"ऐकल्या होत्या."

अशाच ऐकलेल्यांपैकी एक काळा घोडेस्वार. त्याचा शेवट साडूभाऊंनी आमच्या घरातल्या प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला सांगितलेला आहे. किल्ल्याला शत्रूचा वेढा, मागं आग, पुढं खंदक. घोडेस्वार घोड्यासकट तटावरून उडी घेतो आणि खालून चाललेल्या एसटीच्या टपावर उतरतो. तेवढं एक चित्र बघायची त्यांना आयुष्यभराची आस. त्यात रक्तातल्या साखरेनं डोळ्यांवर हात टाकला. डॉक्टरांनी सांगितलं, बारीकसारीक काय बघायचं असेल ते आत्ताच बघून घ्या. मेव्हणीबाई म्हणाल्या, काशीला जाऊ. साडूभाऊ म्हणाले, आधी सिडकोत जाऊ. तिथं कॉमिक्सवाल्यांचा मेळा भरलाय.

मेळ्यात कॉलेजची पोरं मुखवटे नि झुली घालून हिंडत होती. साडूभाऊंनी एका पंखवाल्याची शिवण तपासून "डावा पंख ढिला आहे, बाबा" असं बजावलं आणि जुन्या पुस्तकांच्या टेबलांकडं वळले. तिसऱ्या की चौथ्या टेबलावर त्यांचा हात एकदम थांबला. काळा घोडेस्वार. पानं सगळी शाबूत. वास घ्यायचंसुद्धा विसरले. पान डोळ्याला भिडवून ते शेवटाला पोचले, मागं गेले, पुन्हा शेवटाला आले. तिथं राजा घोडेस्वाराच्या गळ्यात हार घालत होता.

"ह्यातली एसटी कुठं गेली?"

पुस्तकवाला तरुण गोंधळला. "काका, ही वाळवंटातली गोष्ट आहे."

"मग? वाळवंटात एसटी जात नाय?"

साडूभाऊ पुस्तक हातात घेऊनच बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी वैजापुरात आता कांद्याची अडत चालवणाऱ्या रशीदभाईंना फोन लावला. साडूभाऊ फोन कायम स्पीकरवर ठेवतात, त्यामुळं मोंढ्यातला कांद्याचा लिलाव अख्ख्या सिडकोला ऐकू आला, आणि त्यातून रशीदभाईंचा आवाज.

"बोल रे."

"रशीद, घोडेस्वार सापडला. राजा हार घालतो. उडीच नाय."

रशीदभाईंनी आधी कुणाला तरी कांद्याचा भाव ओरडून सांगितला.

"शेवटची पानंच नव्हती त्यात," रशीदभाई म्हणाले. "फाटेल थीं. त्या रोजाला तुझी ऐकायची पाळी. तुला काय बोलू, पानं नाहीत म्हणून? समोर स्टँडवर गाडी लागेल होती, घातली मग गोष्टीत."

मला वाटलं, आता साडूभाऊ दोस्ताला नापास करणार. पण त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"कंडक्टरनं घोड्याचं तिकीट मागितलं होतं," ते म्हणाले. "तेवढ्यात दुकानदारानं हाकललं आपल्याला. पुढं काय झालं?"

"अरे, लिलाव चालू आहे इथं."

"पोराला उभं कर. तू वाच."

रशीदभाईंनी कुणाला तरी हाक मारली. फोनमधला गलबला हळूहळू लांब गेला, दार लोटल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी घसा साफ केला. "तर घोडा बोल्तो, मेरे पास पास है." साडूभाऊंनी डोळे मिटले. पुस्तकवाला पुस्तकासाठी पिशवी घेऊन बाहेर आला, तर त्यांनी डोळे न उघडताच बोट ओठावर ठेवलं आणि त्याला शेजारी बसायची खूण केली.